आमचा मजकूर परत करा

मराठी फॉन्ट विकणाऱ्या कंपनीच्या मालकांस,

पत्राच्या सुरुवातीला सप्रेम नमस्कार लिहायची पद्धत आहे. प्रेम असेल तेव्हाच तो शब्द लिहावा असं मी मानते, म्हणून सरळ विषयावर येते. तुमचं नाव इथे छापत नाही. तुम्ही स्वतःला ओळखाल. नव्वदच्या दशकात ज्यांनी हाच धंदा याच रीतीनं केला, तेही ओळखतील. त्या प्रत्येकानं हे पत्र आपल्यालाच आलंय असं समजावं.

सिंधुदुर्गातल्या आमच्या छापखान्यात एक जुनं मशीन होतं. विंडोज ९८, पेजमेकर ६.५, आणि मागे प्रिंटरच्या पोर्टात खोचलेलं तुमचं डोंगल. ते डोंगल काढलं की तुमचं सॉफ्टवेअर उघडत नसे. या मशीनवर लग्नपत्रिका झाल्या, ग्रामपंचायतींचे अहवाल झाले, दिवाळी अंक झाले. शिवाय त्यावर एक काम असं होतं की ज्याची दुसरी प्रत जगात कुठेच नाही. एका निवृत्त शाळामास्तरांनी मालवण, वेंगुर्ला, देवगड या भागांत फिरून मालवणी शब्द गोळा केले होते. शब्द, अर्थ, तो कुठल्या गावात कोण वापरतं, आणि वापराचं एखादं वाक्य. त्यांची हस्तलिखित कार्डं आमच्याकडे टाइप झाली. पहिला भाग छापून निघाला, पुढचे पैशांअभावी राहिले. मास्तर गेले, आणि त्यांच्या घरातल्या कार्डांना वाळवी लागली. पुढच्या भागांचा उरला तो त्या मशीनच्या हार्ड डिस्कवरचा मजकूर.

नवं मशीन आलं तेव्हा जुन्यावरचा डेटा त्यावर घ्यायचा होता. हे काम अवघड असेल असं सगळ्यांनी सांगितलं होतं, आणि निम्मं काम अगदी सोपं निघालं. जुनी आयडीई हार्ड डिस्क बाहेर काढली, बाजारात मिळणारं अडॅप्टर लावलं, यूएसबीतून नव्या मशीनला जोडली. फॅट३२ पद्धतीनं लिहिलेली डिस्क आजचं विंडोजही वाचतं. फाइली एकामागून एक उतरल्या, आकार जुळले, तारखा जुळल्या, एका बाइटचाही फरक पडला नाही. कोकणातल्या दमट हवेत इतकी वर्षं काढलेल्या त्या डिस्कनं आपलं काम चोख केलं. केबलनं केलं, नव्या मशीननं केलं.

मग फाइल उघडली, आणि पडद्यावर रोमन अक्षरं, डॉलर, पौंड, अधिक-उणे, अर्धविराम यांचा नुसता चिखल. त्यात मराठी एक अक्षर नाही.

अशा वेळी लोक म्हणतात की तंत्रज्ञान बदलतं, जुनं मशीन होतं, चालायचंच. मी ते मान्य करत नाही. तंत्रज्ञानानं आमची प्रत्येक फाइल इमानानं नव्या घरी पोचवली. मजकूर पोचला नाही, कारण तुम्ही तो मराठीत कधी साठवलाच नव्हता. पैसे मराठीचे घेतलेत आणि आत भरलंत भलतंच.

हे कसं झालं ते वाचकांना नीट कळायला हवं. कृतिदेव या फॉन्टचं उदाहरण घेते, कारण त्याची रचना उघड आहे आणि टायपिंग शिकलेल्या अनेकांना पाठ आहे. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द टाइप केला की पडद्यावर मराठी दिसतं, पण फाइलमध्ये साठतात ती पाच रोमन अक्षरं: ई, जे, के, मोठा बी आणि एच. फॉन्टनं ‘ई’च्या खणात म ची आकृती बसवलेली असते, ‘जे’च्या खणात र ची, ‘के’च्या खणात कान्याची. फॉन्ट जागेवर असेतोवर डोळ्यांना मराठी दिसतं. फॉन्ट गेला की त्या पाच रोमन अक्षरांखेरीज तिथे काही नसतं. संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी कधीच नव्हता. त्यात ‘मराठी’ हा शब्द शोधायला सांगितला तर सापडणार नाही. अकारविल्हे लावायला सांगितला तर तो रोमन क्रमानं लागेल. दृष्टिहीन वाचकाचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर ती पाच रोमन अक्षरं तशीच उच्चारेल.

एके काळी याला इलाज नव्हता, हे मी मोकळेपणानं मान्य करते. तेव्हाच्या फॉन्टमध्ये २५६ खण, त्यातलेही काही राखीव. संगणकाला देवनागरी ठाऊक नव्हती. वेलांटी, रफार, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं हे सगळं त्या खणांत कोंबून ज्यांनी पडद्यावर मराठी आणली, त्यांनी खरोखर मोठं काम केलं. खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांच्या हातून छपाई डीटीपीवर आली ती त्यांच्यामुळे. गावोगावच्या लहान छापखान्यांना, साप्ताहिकांना, नव्या लेखकांना त्यामुळे पुस्तक काढणं परवडू लागलं. त्या पहिल्या काळातल्या तुमच्या कामाबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार त्यानंतर तुम्ही काय केलंत याबद्दल आहे.

भारतीय लिप्यांसाठी इस्की हे संकेतन भारतीय मानक ब्यूरोनं १९९१ मध्ये मानक म्हणून जाहीर केलं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, आणि देवनागरी तिच्यात पहिल्यापासून होती. क, ख, ग, काना, मात्रा, अनुस्वार, प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक, जगभर एकच. फॉन्ट कुठलाही वापरा, क हा क च राहणार. २००० मध्ये विंडोज २००० आलं आणि त्यात देवनागरीची सोय आली. तिच्यातला मंगल हा फॉन्ट कुणा परदेशी माणसानं नाही, मुंबईत आयुष्यभर अक्षरं घडवणाऱ्या र. कृ. जोशींनी रेखला. म्हणजे वाट कुठून जाते हे तुमच्या डोळ्यांसमोर, तुमच्याच शहरांत, मराठी माणसं दाखवत होती.

तुम्ही म्हणाल, पेजमेकरला युनिकोड देवनागरी कळत नव्हती आणि सगळा छपाईधंदा पेजमेकरवर होता. खरं आहे. त्याची जागा घेणाऱ्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्या नीट जुळायला लागल्या त्या सीएस६ मध्ये, २०१२ साली. मंगलमधले ल आणि श हिंदी वळणाचे आहेत, मराठी डोळ्याला ते खुपतात, हेही खरं. म्हणून छपाईसाठी जुने फॉन्ट काही वर्षं चालू राहणं मी समजू शकते. पण छापायला एक संकेतन आणि जपून ठेवायला दुसरं, असं करायला तुम्हाला कुणी अडवलं होतं? तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘इस्कीत साठवा’, ‘युनिकोडमध्ये साठवा’ अशी एक आज्ञा घालायची होती. ती घातली असती तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं. तुम्ही एक्स्पोर्टची सोय दिलीत ती तुमच्याच एका फॉन्टमधून तुमच्याच दुसऱ्या फॉन्टमध्ये जाण्याची. बाहेर जाणारं दार तुम्ही मुद्दाम ठेवलं नाहीत.

आणि एवढ्यावर तुमचं समाधान झालं नाही. तुमच्या पुढच्या आवृत्तीत तुम्ही खणांची मांडणी बदललीत. आमच्या शब्दसंग्रहात मूळ शब्द ठळक टाइपात आहे आणि अर्थ साध्या टाइपात. हे दोन टाइप तुमच्या दोन वेगवेगळ्या आवृत्त्यांतले, त्यामुळे एकाच ओळीत एकच रोमन खूण शब्दात एक अक्षर होते आणि अर्थात दुसरंच. कुठल्या खणात काय आहे याचा तक्ता तुम्ही कधी छापला नाहीत. मागितला तर व्यवसायाचं गुपित म्हणालात. आम्ही टाइप केलेला क कुठल्या खणात ठेवलाय हे तुमचं गुपित कसं? कुलूप विकणाऱ्यानं घरातल्या भांड्यांवर हक्क सांगावा असा हा प्रकार आहे.

तुमच्या मदत केंद्राला फोन केला. पलीकडचा तरुण सभ्य होता, त्याच्यावर माझा राग नाही. तो म्हणाला, “मॅडम, ती व्हर्जन बंद झाली. नवीन पॅकेज घ्या.” नवीन पॅकेजमध्ये जुन्या फाइली उघडतील का विचारलं. तो म्हणाला, “गॅरंटी नाही.” जुनं डोंगल नव्या मशीनला कसं लावायचं? नव्या मशीनला तसलं पोर्टच नसतं, आणि तुमचं जुनं सोळा-बिटी सॉफ्टवेअर ६४-बिटी विंडोजवर चालतच नाही. तेव्हा पैसे घेऊन विकलेली वस्तू तुम्ही मेली म्हणून जाहीर केलीत आणि तिच्या पोटात आमचा मजकूर ठेवून निघून गेलात.

आता तुम्ही काय बिघडवलंय ते सविस्तर सांगते, कारण तुमच्या हिशेबात ही फक्त एका लहान छापखान्याची अडचण असेल.

जुन्या मशीनच्या फॉन्ट फोल्डरमधून फॉन्टच्या फाइली उचलून नव्यावर बसवल्या आणि मजकूर आरटीएफमध्ये काढून घेतला, तेव्हा अक्षरं पडद्यावर दिसायला लागली. आमची ऑपरेटर मुलगी आनंदली. पण ती दिसणारी मराठी वापरायच्या कामाची नाही. त्या फाइलमध्ये ‘घोव’ शोधा, सापडत नाही. मजकूर ईमेलनं पाठवा, पलीकडे पुन्हा चिखल. वर्डमध्ये उघडून दुरुस्त्या टाइप करायला घेतल्या तर वर्ड त्यांना इंग्रजी समजून सुधारायला बसतं. वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप मोठं करतं, आणि कृतिदेवसारख्या मांडणीत लहान ‘डी’ म्हणजे क आणि मोठा ‘डी’ म्हणजे अर्धा क. म्हणजे वाक्याच्या आरंभी टाइप केलेला क पाय मोडून पडतो. सरळ अवतरणचिन्हांना वर्ड वळणदार करतं, आणि त्या मांडणीत सरळ अवतरणचिन्ह हाच श चा अर्धा भाग आहे, दुहेरी असेल तर ष चा. एका फटक्यात टाइप केलेले श आणि ष बिघडले. वरच्या १२८ खणांत बसवलेली जोडाक्षरं तर आणखी नाजूक. त्यातला एखादा खण काही प्रोग्रॅमांच्या दृष्टीनं अदृश्य संयोगचिन्हाचा असतो, आणि ते प्रोग्रॅम त्याला न विचारता गिळून टाकतात.

साध्या मराठी मजकुरात यातलं बरंचसं माणूस भरून काढू शकतो. ‘शाळा’मधला श गेला तरी वाचणाऱ्याला शब्द कळतो, शंका आली तर शब्दकोश आहे. इथे आमच्यापुढे असलेला मजकूर हाच शब्दकोश आहे! खंय, हंय, थंय या शब्दांतला अनुस्वार तुमच्या खणाच्या गोंधळात गळला तर उरतं खय, हय, थय. आणि काही लोक तसंही लिहितात. मग मास्तरांनी या नोंदीत काय लिहिलं होतं? अनुस्वार त्यांनीच दिला नव्हता की तुमच्या फॉन्टनं खाल्ला? एखाद्या गावात तो उच्चार नाकातून होत नाही असं नोंदवण्यासाठीच कदाचित त्यांनी तो वगळला असेल. हा फरक टिपायला तो माणूस उन्हातान्हात वाड्यावाड्यांतून हिंडला. तो फरक आज सांगू शकेल असं कुणी जिवंत नाही, कार्ड उरलेलं नाही, आणि तुमचा तक्ता तुमच्या कपाटात आहे.

अर्ध्या र चं तर दुखणंच वेगळं. मराठीत दर्या वेगळा आणि दऱ्या वेगळ्या. समुद्र आणि डोंगरातल्या खोल जागा यांच्यात एका आकृतीचा फरक. हा वळणदार अर्धा र हिंदीत लागत नाही. उत्तरेकडच्या स्वयंसेवकांनी जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेणारे कन्व्हर्टर फुकट लिहून दिलेत, त्यांचे उपकार आहेत, पण त्यातले काही हा र रफारातच ढकलतात. किनारपट्टीच्या बोलीच्या कोशात दर्या आणि दऱ्या एक झाले तर काय उरलं? तुम्ही मराठी माणसाला मराठी फॉन्ट विकलात. मराठीतल्या या र ची तरी नोंद जाहीर करायची होती.

मग माशांची नावं. मास्तरांनी बांगडा, मोरी, सुरमई अशा शब्दांपुढे जीवशास्त्रातली लॅटिन नावंही घातली होती. बांगड्यापुढे रास्ट्रेलिजर कानागुर्टा, रोमन लिपीत, इंग्रजी टाइपात. फाइल साधा मजकूर म्हणून काढली की कुठला भाग तुमच्या फॉन्टमधला आणि कुठला खरोखरच रोमन, ही खूण पुसली जाते, कारण दोन्ही एकाच रोमन अक्षरांत साठवलेले. कन्व्हर्टर लॅटिन नावालाही इमानानं देवनागरी करतो आणि बांगड्याच्या नावाचं अर्धी अक्षरं आणि सुट्या वेलांट्यांचं कडबोळं होतं. आमची ऑपरेटर मुलगी असं प्रत्येक नाव हातानं वेगळं काढते आहे. तिच्या डोळ्यांचा आणि वेळेचा हिशेब तुमच्या ताळेबंदात कुठे मांडलाय?

काहींनी सल्ला दिला की छापील पान ओसीआरनं वाचून घ्या. करून पाहिलं. प्रमाण मराठीसाठी ही सोय आज चांगली झाली आहे, आणि तिथेच घात होतो. ही साधनं प्रमाण मराठीच्या ढिगावर शिकलेली असतात, त्यामुळे अनोळखी बोलीतला शब्द दिसला की ती त्याला ओळखीच्या शब्दाकडे ओढतात. ‘माका’चं ‘माझा’, ‘झील’चं ‘झाल’. इतकी सफाईदार चूक डोळ्याला पकडताही येत नाही. निदान तुमच्या चिखलात चूक चूक म्हणून दिसते तरी.

हा प्रश्न एका शब्दसंग्रहापुरता असता तरी मी भांडले असते. तो तेवढ्यापुरता नाही. नव्वदच्या दशकापासून पुढची पंधरा-वीस वर्षं मराठीत जे छापलं गेलं त्यातलं फार मोठं धन अशाच फाइलींत अडकलंय. बंद पडलेल्या साप्ताहिकांचे अंक, गावांचे इतिहास, संस्थांचे स्मरणग्रंथ, शेतकी पुस्तिका, कवींचे पहिले संग्रह. शासकीय पत्रकंही अशा फॉन्टमधून पीडीएफ झालेली सापडतात. डोळ्यांना दिसतात आणि त्यातला एक शब्दही शोधता येत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा द्यायला मंजुरी दिली. जुन्या ताम्रपटांचे, शिलालेखांचे पुरावे त्यासाठी मांडले गेले, आणि ते आजही वाचता येतात, कारण कोरणाऱ्यानं त्यावर डोंगल लावलं नव्हतं. आमचा १९९८ चा मजकूर मात्र वाचता येत नाही.

लेखकांच्या वारसांचं तर विचारूच नका. वडिलांची फ्लॉपी किंवा सीडी घेऊन लोक आमच्याकडे येतात. फ्लॉपी वाचली जाते कधी कधी, सीडीवरचा थर उडाला नसेल तर तीही. फाइल मिळते. पुढे काय, हे त्यांना सांगताना मला तुमची आठवण येते, आणि ती चांगल्या शब्दांत येत नाही.

तुमच्याकडून काय हवंय ते आता स्पष्ट लिहिते. मला नुकसानभरपाई नको, नवीन पॅकेजवर सवलत नको, माफीनामाही नको. तुम्ही आजवर विकलेल्या प्रत्येक मराठी फॉन्टच्या प्रत्येक आवृत्तीचा तक्ता जाहीर करा. खणाचा क्रमांक, त्यासमोर युनिकोडमधलं अक्षर किंवा अक्षरांचा गट, आणि वेलांटी व रफार यांचा क्रम कसा लावायचा त्याचे नियम. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये द्या, दोन रकान्यांत. तुमच्या एखाद्या जुन्या माणसाला बसवलंत तर हे काम फार मोठं नाही, कारण फॉन्ट करताना हा तक्ता तुमच्याकडे असल्याखेरीज फॉन्ट होऊच शकत नव्हता. जी आवृत्ती तुम्ही विकत नाही, दुरुस्त करत नाही, ओळखही देत नाही, तिचं डोंगल काढून टाकणारा पॅच मोफत द्या. आणि जुन्या फाइली आणून देणाऱ्याला पैसे न घेता त्या युनिकोडमध्ये करून द्या. त्याचे पैसे तुम्ही एकदा घेतलेले आहेत.

यानं तुमचा धंदा बुडेल, ही भीती मला दाखवू नका. तुमच्या फॉन्टच्या वळणांवर मी हक्क सांगत नाही. ती वळणं सुंदर असतील तर युनिकोडमध्ये बसवून विका, लोक घेतील. आज मुक्ता आहे, बलू आहे, राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणू आहेत, सगळे फॉन्ट युनिकोडचे आणि सगळे मोफत. त्यांच्याशी स्पर्धा करायची ती चांगलं अक्षर काढून करा. जुन्या गिऱ्हाइकाचा मजकूर ओलीस ठेवून जो धंदा चालतो तो बुडालाच पाहिजे, आणि तो बुडावा यासाठी जे हाताशी आहे ते मी करणार आहे.

त्यातलं बरंचसं सुरूही केलंय. फॉन्टफोर्ज या मोफत प्रोग्रॅममध्ये तुमचे फॉन्ट उघडून आम्ही एकेक खण पाहतोय. कुठल्या खणात काय आकृती आहे, ती कुठल्या शब्दात येते, छापून निघालेल्या पहिल्या भागाशी ती ताडून पाहता येते का, असं करत तक्ता हातानं भरतोय. छापील भाग हाताशी होता म्हणून हे जमलं. ज्यांच्याकडे छापील पानही नाही त्यांनी काय करायचं? तयार झालेला तक्ता, आणि त्यावरून मराठीचा अर्धा र, ळ आणि ॲ सांभाळून घेणारा कन्व्हर्टर, आम्ही सगळ्यांसाठी खुला ठेवणार आहोत. कोणीही वापरावा, कोणीही सुधारावा.

तुमच्या वकिलाला हे पत्र दाखवाल तेव्हा १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ ही त्याच्यापुढे ठेवा. १९९९ च्या दुरुस्तीनं त्यात आलेली तरतूद अशी आहे: कायदेशीररीत्या प्रोग्रॅम बाळगणाऱ्याला, स्वतंत्रपणे बनवलेला प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅमांशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती सहज मिळत नसेल, तर ती मिळवण्यासाठी आवश्यक ते करता येतं. ती माहिती आम्ही तुमच्याकडे मागितली होती. तुम्ही दिली नाहीत. तुमच्या सॉफ्टवेअरची पावती आमच्याकडे जपून ठेवलेली आहे.

आमच्या तक्त्यात ठळक टाइपाच्या तीन खणांपुढे अजून प्रश्नचिन्ह आहे. त्या आकृत्या पहिल्या भागात कुठेच आलेल्या नाहीत, आणि पुढच्या भागांतल्या बऱ्याच नोंदी त्यांच्यापाशी अडल्या आहेत. ते तीन खण कसले, हे तुमच्या दप्तरात लिहिलेलं असणार. तेवढं ताबडतोब कळवा. नोटीस पाठवायची असेल तर तीही छापखान्याच्या पत्त्यावरच पाठवा, तक्ता आम्ही मागे घेणार नाही.

तुमची एक जुनी ग्राहक